धाकटी बसेना

कारखान्याच्या मधोमध खुर्ची एकटीच बसली होती आणि सगळं घर तिच्याभोवती उभं होतं.

उभं राहायची या घराला सवय नव्हती. मिस्त्रींच्या वडिलांनी पहिलं स्टूल ठोकलं त्या दिवसापासून या घरानं लोकांना बसवायचंच काम केलं. शाळेतल्या पोरांना बाकावर बसवलं, न्हाव्याच्या गिऱ्हाइकांना गोल फिरत्या खुर्चीत, थकल्या म्हाताऱ्यांना वेताच्या आरामखुर्चीत. आज मात्र दुपारचे दोन वाजून गेले तरी घरातलं कुणीही टेकलं नव्हतं. कारण धाकटी सून बसत नव्हती.

"अगं, बस म्हणत नाही मी," मिस्त्री चौथ्यांदा म्हणाले. "नुसती टेक."

"नको बाबा," धाकटीही चौथ्यांदा म्हणाली.

माई, मिस्त्रींची बायको, बारा दिवसांच्या नातीला खांद्यावर घेऊन खिडकीशी झुलत होती. नात झोपली होती. झुलणं थांबवलं की ती जागी होते हे माईला ठाऊक होतं, आणि झुलत राहिलं की कुणी आपल्याला काही विचारत नाही हेही ठाऊक होतं.

घराचा नियम जुना होता. घरातल्या माणसानं अर्धा तास बसून पाहिल्याशिवाय एकही खुर्ची दाराबाहेर जायची नाही. पूर्वी हे काम माईचं होतं. चार वर्षांपूर्वी धाकटी लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात एका खुर्चीत डोळे मिटून बसल्या बसल्या म्हणाली, "हिचा मागचा डावा पाय रुसलाय." मिस्त्रींनी पट्टी लावली. पाय खरंच एक सूत आखूड होता. पट्टी हातात धरून मिस्त्री सुनेकडे असे बघत राहिले, जशी विहिरीला गोड पाणी लागल्यावर माणसं बघतात. त्या दिवसापासून माईची सुटी झाली आणि धाकटी बसली की खुर्ची पास, असं ठरून गेलं.

आणि आजची खुर्ची साधी नव्हती. नव्या नाट्यगृहाला दोनशे खुर्च्या हव्या होत्या, हा त्यांचा नमुना होता. तीन वाजता नाट्यगृहाचे व्यवस्थापक स्वतः येणार होते. मिस्त्रींनी त्यांना फोनवर छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं, "आमची सून तुमच्यासमोर बसून दाखवेल. ती हो म्हणाली तरच खुर्ची घ्या."

"माई, त्याला सांग," थोरला मुलगा रंध्याच्या पात्याची धार अंगठ्यानं बघत म्हणाला, "फोम फार कडक घातलाय. बाळंतीण बाई, टोचणारच. लाकडात काही खोट नाही."

धाकटा चार हात लांब उभा होता, तोंडात तीन खिळे धरून. ते काढून म्हणाला, "माई, त्याला सांग, चार वर्षं हाच फोम घालतोय. पाठच ताठ केलीये त्यानं. बघूनच माणसाची कंबर धरते."

थोरला लाकडाचा, धाकटा गादीचा. कारखान्याच्या पाटीवर आधी कुणाचं नाव यायचं यावरून भांडण झालं, त्याला आता सव्वा वर्ष होत आलं होतं. पाटी अजून कोरी होती आणि भावाभावांत सरळ बोलणं बंद होतं. जे काही बोलायचं ते माईच्या अंगावरून जायचं.

"दोघांनाही ऐकू आलं ना एकमेकांचं?" माई म्हणाली. "मग माझ्या कानांची कशाला हमाली?"

पण हमाली चालूच राहिली. सकाळपासून दोन वेळा खुर्ची खोलून झाली होती. आधी थोरल्यानं मागच्या पायांना रंधा मारून पाठ थोडी कलती केली. धाकटी खुर्चीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "छान झालीये." बसली नाही. मग धाकट्यानं कापड उसवलं, वरचा थर बदलला, पुन्हा कापड ताणून ठोकलं. धाकटी म्हणाली, "आणखी छान झालीये." बसली नाही.

"न बसता कसं कळलं तुला?" मिस्त्रींनी विचारलं.

"दिसतंय की, बाबा."

"दिसायला ती काय फोटो आहे? खुर्ची आहे!" मिस्त्री सगळ्यांकडे वळले. "मी सांगतो तुम्हाला. हिला कुणाच्या तोंडावर वाईट बोलवत नाही. खुर्चीत खोट आहे आणि ती मोठी आहे. एवढी मोठी, की ही जवळसुद्धा जात नाही."

थोरली, थोरल्याची बायको, पॉलिशचा बोळा हातात घेऊन इतका वेळ गप्प होती. ते तिला फार वेळ जमत नसे. "खोट कसली बाबा? लाड आहेत. बसायचंय फक्त अर्धा तास. खुर्ची उचलायची नाहीये. माझं पोट फाडून शिवलं होतं, तरी मी पंचविसाव्या दिवशी इथं पॉलिश मारत होते. हिची तर नॉर्मल झाली."

"नॉर्मल," मिस्त्रींनी मान डोलावली. "डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. सगळं नॉर्मल."

"मलाही तसंच सांगितलं," धाकटा म्हणाला. आपल्याच बायकोकडे बघताना त्याचा चेहरा रस्ता चुकलेल्या माणसासारखा झाला होता. "दोन-चार टाके पडलेत म्हणाल्या. माझ्या अंगठ्याला पाच पडले होते. मी दुसऱ्या दिवशी सोफा ठोकला."

धाकटी सुतारकामाच्या लांब टेबलाला एका हातानं धरून, एक पाय किंचित उचलून उभी होती. पाण्यातल्या बगळ्यासारखी. टेबलाची कड धरलेली बोटं पांढरी पडली होती, आणि कपाळावर घाम होता, जो त्या दुपारच्या हवेत दुसऱ्या कुणाच्याच कपाळावर नव्हता.

माईनं तो घाम पाहिला आणि तिचं झुलणं थांबलं.

खरं सांगायचं तर माईला पहिल्यापासून कळलं होतं. तिसऱ्या दिवशी धाकटी ओट्याशी उभ्यानं जेवली, तेव्हा कळलं. चौथ्या दिवशी ती नातीला कुशीवर पडून पाजत होती आणि वळताना तिनं उशीचा कोपरा दातांत धरला, तेव्हा कळलं. न्हाणीघरात कोमट पाण्याच्या टबात ती तासन्‌तास बसते आणि बाहेर मिस्त्री "पोरगी फार स्वच्छ" म्हणतात, तेव्हाही कळलं. प्रत्येक वेळी माईनं तोंड फिरवलं. का फिरवलं, हे तिला विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. तिच्या सासूनं असंच फिरवलं होतं, एवढंच. काही घरांत दागिने वारशानं येतात, या घरात तोंड फिरवणं आलं होतं.

पण बारा दिवसांनी असा घाम यायला नको, हेही माईला कळत होतं.

"धर गं हिला," तिनं नात थोरलीच्या हाती दिली. "आणि तू चल माझ्याबरोबर."

"कुठं चालल्या?" मिस्त्री म्हणाले. "तीन वाजता ते येतायत!"

"येऊ द्या. बसवून ठेवा त्यांना. ते तरी बसतील."

फोमची खोली मागच्या अंगाला होती. छतापर्यंत पिवळ्या पांढऱ्या गाद्यांच्या थप्प्या होत्या आणि दार लोटलं की बाहेरचं बोलणं आत ऐकू येत नसे. माईनं एक जाड गादी जमिनीवर ओढली. "आडवी हो. कुशीवर. आता खरं बोल."

धाकटी आडवी झाली आणि गुडघे जवळ घेऊन रडायला लागली. आवाज न करता, चार वर्षांच्या पोरी शाळेत रडतात तशी.

"कात्री लावली का?"

"आधी कात्री लावली. मग तरी फाटलंच. पावणेचार किलो, माई. डोकं नुसतं..." तिनं दोन्ही हातांनी भोपळ्याएवढा गोल करून दाखवला. "नर्सबाई म्हणाली, आत-बाहेर धरून चौदा टाके. दहाव्या दिवशी दाखवायला या."

"आज बारावा."

"यांना म्हटलं दवाखान्यात जायचंय. हे म्हणाले, बाळाला दाखवायचंय का? मी म्हटलं, नाही, मला. तर म्हणाले, तुझं तर नॉर्मल झालंय ना? मग काय सांगू मी? पुढचं बोलायला शब्दच नाही हो माझ्याकडे."

माईला ते पटलं. खुर्चीच्या प्रत्येक सांध्याला, पट्टीला, पाचरीला या घरात नाव होतं, आणि जेवताना पोरंसुद्धा ती नावं घेत. बाईच्या त्या जागेला मात्र या घरात कुणी कधी नाव दिलं नव्हतं. 'खाली' म्हणायचे. खाली तर पायही असतात.

"कालपासून आग होतेय," धाकटी म्हणाली. "आरसा धरून बघितलं मी. दोन टाके उघडलेत. आणि वास येतोय, माई. मला माझीच किळस यायला लागलीये."

माईनं तिच्या कपाळाला हात लावला. तापलं होतं.

दार उघडलं आणि थोरली नातीसकट आत शिरली. "बाबांनी पाठवलंय. म्हणाले, बघ, खुर्चीबद्दल आपल्यामागे काय बोलतात त्या." मग तिनं जमिनीवरची जाऊ पाहिली, सासूचा चेहरा पाहिला आणि खालच्या आवाजात विचारलं, "काय झालंय?"

"चौदा टाके," माई म्हणाली. "दोन उसवलेत. ताप आहे."

थोरली उभी होती तिथेच गादीच्या थप्पीला टेकली. "चौदा? मग नॉर्मल कशाला म्हणतात त्याला?"

"मुलगी खिडकी फोडून नाही, दारानं आली म्हणून," माई म्हणाली.

"अगं, मी तर तुझा हेवा करत होते!" थोरली धाकटीला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि आवाज मात्र भांडणाचाच होता. "मला वाटलं सुटली ही, एक ओरखडा नाही, दुसऱ्या दिवशी चालत घरी आली. माझं पोट कापलं तर सगळ्यांनी तोंडावर म्हटलं, हिला कळा सोसवल्या नाहीत. तेव्हापासून नॉर्मल शब्द ऐकला की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. माझ्या पोटाला निदान सगळे घाबरायचे तरी. शिंक आली की चार माणसं उशी घेऊन धावायची."

"मी शिंक गिळते," धाकटी म्हणाली. "बारा दिवसांत एकसुद्धा काढली नाही."

"आणि ते? सकाळचं?"

"त्याचं तर नावच काढू नका ताई. पाचव्या दिवशी गेले तेव्हा न्हाणीघराच्या कडीला धरून मी सगळ्या देवांना एकदम हाक मारली. बाहेरून बाबा म्हणाले, पोरगी स्तोत्रं म्हणतेय."

थोरली फसकन हसली. धाकटीलाही हसू आलं आणि लगेच तिचा चेहरा पिळवटला. "हसवू नका, टाके आहेत!" म्हणत ती आणखीच हसायला लागली, रडता रडता. आणि माईनं, सवयीनं, हसायच्या आधी दोन्ही गुडघे घट्ट जुळवले आणि थप्पीचा आधार घेतला.

थोरलीचं लक्ष गेलं. "माई, तुम्ही नेहमी असंच करता. हसायचं झालं की आधी दार धरता. मला वाटायचं, कडक सासू म्हणून हसू आवरता."

"हसू कुठलं आवरतेय? दुसरंच आवरतेय," माई म्हणाली आणि एकदा बोलून गेल्यावर तिला थांबता येईना. "थोरल्याच्या वेळी फाटलं मला. घरीच झाला तो. सुईणीनं म्हटलं, आपोआप जुळेल. जुळलं तसंच, वाकडंतिकडं. एक्केचाळीस वर्षं झाली. हसले, खोकले, धावले, की ओलं होतं. सरळ बसवत नाही अजून. डाव्या अंगावर बसते मी. खुर्च्यांच्या घरात! एकालाही दिसलं नाही."

धाकटीनं पडल्या पडल्याच गादीवर माईसाठी जागा केली.

"त्या वेळी एक ओवी केली होती," माई म्हणाली. "कुणाला म्हणून दाखवली नाही. पाळणा हलवता हलवता मनात म्हणायची." आणि तिनं खालच्या सुरात म्हटली:

पाहुणा आला घरा, दार फोडून घाईघाई
त्याचं कौतुक घरभर, दाराची ना पूसतपास काही.

थोरलीनं नातीला छातीशी घट्ट धरलं. धाकटीनं माईचा हात धरला. आणि बाहेरून, दोन भिंती ओलांडून, मिस्त्रींचा आवाज आला. "अगंऽ! साहेब आलेत!"

व्यवस्थापक लहानखुरे, नीटनेटके गृहस्थ होते, बगलेत फाइल. खुर्चीसमोर उभे होते, हात मागे बांधून. मिस्त्रींनी त्यांना बसा म्हटलं नव्हतं. पास न झालेल्या खुर्चीत गिऱ्हाइकाला बसवणं त्यांच्या तत्त्वात नव्हतं.

"ती आमची सून," मिस्त्री दाराकडे हात करून म्हणाले. पण दारातून एकटी माई आली. "अगं, ही कुठाय?"

"आडवी झालीये."

"आता? साहेब उभे आहेत!"

माईनं सगळ्यांकडे पाहिलं. पंधरा पावलांवर धाकटी होती, ताप अंगात घेऊन, आणि ही माणसं खुर्चीच्या पायांकडे बघत होती. आता तोंड फिरवलं तर संध्याकाळ होईल, मग सकाळ होईल. तिनं पदर खोचला.

"ती बसणार नाही," ती म्हणाली. "आज नाही, महिनाभर नाही. बाळ ज्या वाटेनं आलं तिथं तिला कात्रीनं कापलंय. तरीही फाटलं. चौदा टाके घातलेत. त्यातले दोन उघडलेत, जखम चिघळलीये आणि तिला ताप आहे. तुमच्या खुर्चीत काही खोट नाही. तिला आत्ता दवाखान्यात न्यायचंय."

धाकट्याच्या हातातली हातोडी खाली पडली. नशिबानं स्वतःच्याच पायावर पडली, त्यामुळे त्याला ओरडायला कारण मिळालं.

थोरला रंध्याकडे बघत होता. तो एक महिनाभर बघण्यासारखा रंधा असावा, असं.

व्यवस्थापकांनी फाइल बगलेतून काढून पोटाशी धरली.

"पण नॉर्मल..." मिस्त्री म्हणाले.

"नॉर्मलच. हेच नॉर्मल असतं."

"तुला कसं ठाऊक?"

"मला कसं ठाऊक!" माई म्हणाली, आणि भिंतीवर टांगलेल्या लाकडी फर्म्याकडे तिनं बोट केलं. बैठकीचा आकार आखायचा तो पातळ पाट. मिस्त्रींचा जीव की प्राण. त्यावरून आखलेली बैठक डाव्या बाजूला किंचित खोल असायची, आणि ती का खोल हे मिस्त्री कुणाला सांगत नसत. गिऱ्हाईक बसलं की आपोआप सुस्कारा सोडतं एवढंच सांगत. "तो कधी केलात?"

"थोरला झाला त्या वर्षी. तू बसायचीस आणि मी तासायचो. तू म्हणायचीस, अजून थोडं, इकडून अजून थोडं. दोन महिने तासत होतो. मग एक दिवस म्हणालीस, आता बरं वाटतंय."

"डावीकडूनच का म्हणत होते मी?"

मिस्त्रींनी फर्म्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. मग पुन्हा फर्म्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सावकाश सरकत गेलं, ओल्या लाकडाला तडा जातो तसं, आवाज नंतर येतो.

"म्हणजे," ते म्हणाले, "एक्केचाळीस वर्षं मी सगळ्या गावाला तुझ्या दुखण्यावर बसवलं?"

"बसवलंत. आणि सगळ्यांना बरं वाटलं."

"मलासुद्धा," व्यवस्थापक हळूच म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं तसे ते कानापर्यंत लाल झाले. "म्हणजे, माझं दुखणं वेगळं आहे. दोनदा ऑपरेशन झालंय. पण तुमच्या एका खुर्चीतच मला नाटकाचे तीन अंक बसवतं. म्हणून तर आलो." मग घाईघाईनं, "आजची घाई नाही. सूनबाईंना आधी न्या. मी... उभाच बरा आहे."

धाकटा लंगडत फोमच्या खोलीकडे धावला, दारातच थांबला, आत जावं की नाही ते त्याला कळेना. "मला का नाही सांगितलंस?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

"सांगितलं होतं," आतून धाकटी म्हणाली. "तू अंगठा दाखवलास."

यावर धाकट्यानं अंगठा मुठीत लपवला. तो पुढे कितीतरी दिवस त्यानं कुणाला दाखवला नाही.

"रिक्षात बसवणार नाही तिला," थोरली म्हणाली. तिनं नात एका हातावर घेतली होती आणि दुसऱ्या हातानं ती आता कारखाना चालवत होती. "टेम्पो काढा. आडवी न्यायची. खड्डा आला तर ज्याच्या हातात स्टिअरिंग असेल त्याला मी बघून घेईन."

"मागे गादी लागेल," थोरला म्हणाला. आणि मग तो वळला, आणि सव्वा वर्षात पहिल्यांदा माईच्या अंगावरून न जाता, सरळ बोलला. "अरे, तो नाट्यगृहाचा फोम काढ. सगळ्यात मऊ कुठला?"

धाकट्यानं चुकून माईकडे पाहिलं, सवयीनं. मग भावाकडे पाहिलं. "राखाडी. खाली तो, वर पांढरा. तू एक बाजू धर."

दोघांनी एकेक टोक धरलं. दोघेही डाव्या-उजव्यावर भांडत, दारात अडकत, एकमेकांना गाढव म्हणत गादी टेम्पोपर्यंत घेऊन गेले, आणि ते भांडण ऐकून माईला इतकं बरं वाटलं की तिनं दाराची चौकट धरली.

धाकटी कुशीवर निजली. माई तिच्या उशाशी, थोरली पायाशी, मधे नात. मिस्त्री पुढे धाकट्याशेजारी. थोरला मागे फळी धरून उभा. मिस्त्री प्रत्येक वळणावर म्हणत, "हळू. काचेचा माल आहे." चौथ्यांदा म्हणाले तेव्हा मागून धाकटी म्हणाली, "बाबा, मी माल नाहीये." त्यावर मिस्त्री म्हणाले, "बरोबर. हळू रे, माणूस आहे." कदाचित ते शब्द त्यांना आजवर कारखान्यात कधी वापरावे लागले नव्हते.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसायला जागा होती. पण कुणी बसलं नाही. तिघं पुरुष भिंतीला टेकून उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मिस्त्रींनी एकदा वाकून बाकाच्या खालच्या पट्ट्या पाहिल्या, नाक मुरडलं आणि पुन्हा सरळ झाले.

आत डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला. धाकटीनं डोळे मिटले आणि माईचं मनगट धरलं. स्वच्छ करताना ती इतकी घट्ट दाबत होती की माईला स्वतःची नाडी लागत होती. "वरचे दोन सुटलेत," बाई म्हणाल्या. "आतले पक्के आहेत. वेळेत आलात. दोन दिवस आणखी काढले असते तर मीच तुमच्यावर ओरडले असते. आता औषध, कोमट पाणी, आणि बसायचं नाही. घरात कुणी बसायला लावतंय का?"

"लावत होते," धाकटी म्हणाली. "सगळे मिळून."

बाईंनी हातमोजे काढले, नवे काढायला डब्यात हात घातला आणि विचारलं, "पुढची पेशंट कोण?"

धाकटी सावकाश टेबलावरून उतरली. तिनं माईच्या पाठीला हात लावून तिला वळवलं, दाराकडे नाही, टेबलाकडे.

"ह्या," ती म्हणाली.

"अगं, काय वेड लागलंय का," माई म्हणाली. "मला काय झालंय? म्हातारी बाई मी. बाहेर सगळे उभे आहेत."

"राहू देत उभे."

माईला दरवाजा दिसत होता. त्याची मूठ चार पावलांवर होती. पलीकडे मिस्त्री होते, थोरला होता, ज्याच्यामुळे हे सगळं झालं आणि ज्याला त्याची काडीचीही कल्पना नव्हती. माईनं पदर सावरला. आणि मग, कशी कोण जाणे, ती टेबलावर चढली. आधी डाव्या अंगानं.

"कधीपासून त्रास?" बाईंनी विचारलं.

"बाहेर तो केस पिकलेला उंच माणूस उभा आहे ना, तो जन्मला तेव्हापासून."

बाईंनी दिवा फिरवला. "बघू. जुनं आहे, पण जुन्यालाही इलाज असतो. सैल सोडा अंग."

सैल कसं सोडतात हे माईला आठवावं लागलं. एक्केचाळीस वर्षं सगळं जुळवून धरलं होतं. थंड हात लागला तसा तिचा श्वास अडकला. उशाशी धाकटी उभी होती, तापानं लाल, केस विस्कटलेले, एक पाय अजून उचललेला.

"माई," तिनं विचारलं, "दुखतंय का?"

काही नाही गं, हे उत्तर माईच्या जिभेवर तयार होतं. आयुष्यभर ते तिथंच ठेवलेलं असायचं, दाराच्या बाहेर चप्पल असते तसं, पटकन सापडेल असं. पण हा प्रश्न पूर्वी कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे उत्तराला सवय नव्हती. ते जागचं हललं नाही.

"हो," माई म्हणाली. "खूप दुखतंय गं."

आणि मग तिला एकदम हसू आलं. पायांचे घोटे कातड्याच्या पट्ट्यांत अडकलेले, गुडघे जुळवायला वाव नाही, धरायला चौकट नाही. "बाई, सरका जरा," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मी हसणार आहे," आणि बाई सरकायच्या आत ती हसली.